टायटॅनिकची हरवलेली फिल्म : खरी किती, खोटी किती?

दोस्तांनो, एक प्रश्न. टायटॅनिक जहाज बुडतानाची खरीखुरी फिल्म तुम्ही पाहिली आहे का? काळी-पांढरी, थरथरणारी, मधूनमधून पांढऱ्या रेघा उमटणारी? "हो, मोबाइलवर पाहिली की!" असं तुमच्यापैकी कुणीतरी नक्कीच म्हणेल. तर त्याला आधीच सांगून टाकू या, की बाबा रे, तू पाहिलंस ते दुसरंच काहीतरी होतं. टायटॅनिक बुडतानाची फिल्म कुणी काढलीच नाही!

पण थांबा, इतक्यात पान उलटू नका. गंमत पुढेच आहे. बुडतानाची फिल्म नाही हे खरं, पण त्या जहाजावर सिनेमाचा कॅमेरा होता, हेही तितकंच खरं! कॅमेरा होता, तो चालवणारा माणूस होता आणि त्याने फिल्म काढल्याचं पाहणारा साक्षीदारसुद्धा होता. मग ती फिल्म गेली कुठे?

हा प्रश्न जगभरच्या हौशी शोधकऱ्यांना वर्षानुवर्षं छळतो आहे. कुणी जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे चाळतं, कुणी संग्रहालयांच्या याद्या तपासतं, तर कुणी इंटरनेटवरची एखादी जुनी क्लिप थांबवून थांबवून, जहाजाची एकेक खिडकी मोजत बसतं. चला, आज आपणही या मंडळींबरोबर शोधाला निघू. अट एकच : ऐकलं ते खरं मानायचं नाही. आधी पुरावा मागायचा!

ती काळी रात्र

आधी थोडी उजळणी. १० एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिक इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन बंदरातून न्यूयॉर्कला निघालं. तो त्याचा पहिलाच प्रवास. १४ एप्रिलच्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ते हिमनगाला धडकलं आणि १५ एप्रिलच्या पहाटे २ वाजून २० मिनिटांनी अटलांटिक महासागरात बुडालं. सुमारे १५०० माणसं मेली. वाचली ती जेमतेम ७०० च्या आसपास.

आता जरा डोकं चालवू या. त्या काळातला सिनेमाचा कॅमेरा म्हणजे तिकाटण्यावर ठेवलेली एक लाकडी पेटी. बाजूचं हँडल हाताने गरागरा फिरवायचं, की आतली फिल्म पुढे सरकायची. सेकंदाला साधारण १६ चित्रं. एक फूट फिल्मवर १६ चित्रं मावतात. म्हणजे एका सेकंदाला एक फूट फिल्म खलास! आणि ही फिल्म भलतीच मंद. तिच्यावर नीट चित्र उमटायला लख्ख ऊन लागायचं. टायटॅनिक बुडालं ती रात्र तर बिनचंद्राची होती. जहाजावरचे दिवे जवळजवळ शेवटपर्यंत जळत होते, पण तेवढ्या उजेडात त्या काळच्या फिल्मवर काळोखाशिवाय काही आलं नसतं. शिवाय जीव वाचवायची धडपड चाललेली असताना तिकाटणं मांडून हँडल कोण फिरवत बसणार?

म्हणजे बघा, एकही जुना कागद न उघडता आपण निम्मी अफवा खोडून काढली. "अशी फिल्म मुळात निघू शकली असती का?" हा शोधकऱ्याचा पहिला प्रश्न असतो.

जुळ्या बहिणीचं सोंग

मग मोबाइलवर दिसतं ते काय? त्यातलं काही नंतरच्या सिनेमांमधलं असतं. १९५८ साली 'अ नाइट टु रिमेंबर' नावाचा ब्रिटिश चित्रपट आला. तोही कृष्णधवलच. त्याच्या आधी १९४३ साली जर्मनीत एक 'टायटॅनिक' सिनेमा निघाला होता आणि त्यातले काही तुकडे या ब्रिटिश सिनेमातही वापरले आहेत. म्हणजे जर्मनांनी बुडवलेलं जहाज ब्रिटिशांनी पुन्हा एकदा बुडवलं!

पण सगळ्यात मोठी फसवणूक झाली ती खुद्द १९१२ सालीच. तेव्हा टीव्ही नव्हता, रेडिओवर बातम्या नव्हत्या. थिएटरात सिनेमाआधी बातम्यांची छोटी फिल्म दाखवत. टायटॅनिक बुडाल्याची बातमी आली आणि लोक थिएटरांकडे धावले. कंपन्यांची पंचाईत झाली. टायटॅनिकची फिल्म होती कुणाकडे? बेलफास्टमध्ये जहाजाची बांधणी पुरी होत असताना काढलेला एक अगदी छोटा तुकडा, बस्स!

मग काहींनी युक्ती केली. टायटॅनिकची एक जुळी बहीण होती, ऑलिंपिक. ती १९११ सालीच प्रवासाला लागली होती आणि तिची फिल्म हाताशी होती. तिचा कप्तान होता एडवर्ड स्मिथ, म्हणजे पुढे टायटॅनिकबरोबर बुडाला तोच. न्यूयॉर्कच्या बंदरात तो ऑलिंपिकवर फेऱ्या मारतो आहे, असं दृश्य तयारच होतं. तेच "टायटॅनिक" म्हणून पडद्यावर आलं. अडचण एवढीच, की शेजारच्या छोट्या बोटींवरची नावं वाचून चोरी पकडली गेली असती. मग काय केलं असेल? फिल्मच्या एकेका चित्रावरची ती नावं चक्क खरवडून टाकली! आजही ती फिल्म पाहिली, की बोटींवर पांढऱ्या रेघोट्या नाचताना दिसतात. लपवायला गेले आणि तेच उघडं पडलं.

दोघी बहिणी ओळखायची खूणही सांगून ठेवतो. वरच्या फेरफटक्याच्या डेकचा, म्हणजे 'ए' डेकचा पुढचा अर्धा भाग टायटॅनिकवर खिडक्या लावून बंद केलेला होता. ऑलिंपिकवर तोच डेक या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडा होता. पुढच्या वेळी क्लिप समोर आली, की ती थांबवा आणि आधी हे पाहा.

आता तुम्ही म्हणाल, "एवढं काय बिघडलं? दोन्ही जहाजं सारखीच तर होती." बिघडलं असं, की तेव्हा थिएटरात बसलेल्यांपैकी एखाद्याचा भाऊ त्या जहाजावर असू शकत होता, एखादीचे वडील असू शकत होते. पडद्यावर जहाज दिसलं, की असा माणूस आपलंच माणूस शोधणार ना? त्याला खोटं जहाज दाखवून पैसे घेणं याला गंमत म्हणायचं, की आणखी काही, ते तुम्हीच ठरवा.

हँडल फिरवणारा माणूस

आता येऊ आपल्या खऱ्या कोड्याकडे.

टायटॅनिकच्या दुसऱ्या वर्गात विल्यम हार्बेक नावाचा अमेरिकन प्रवासी होता. सिनेमाच्या कॅमेऱ्याचा उस्ताद! १९०६ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात मोठा भूकंप झाला, तेव्हा त्याने तिथली पडझड चित्रित केली होती. १९०७ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात त्याने ट्रामच्या पुढच्या टोकाला कॅमेरा लावून रस्त्यांची फिल्म काढली. ती आजही शाबूत आहे. त्या रस्त्यांवरचे घोडे, सायकली आणि टोप्या घातलेले लोक आपण आजही पाहू शकतो.

टायटॅनिकच्या पहिल्या सफरीची फिल्म काढायचं काम जहाजाच्या कंपनीनेच त्याला दिलं होतं, असं सांगतात. ही सांगोवांगी. पण साक्षीदाराचं काय?

साक्षीदार आहेत लॉरेन्स बीझली, विज्ञानाचे इंग्रज शिक्षक. तेही दुसऱ्या वर्गातूनच जात होते, सुदैवाने वाचले आणि त्याच वर्षी त्यांनी या सफरीवर पुस्तक लिहिलं. त्यात साउदॅम्प्टन बंदरातला एक प्रसंग आहे. टायटॅनिक निघालं आणि त्या अजस्र धुडाच्या ओढीने शेजारी बांधलेल्या 'न्यूयॉर्क' नावाच्या जहाजाचे दोर ताडताड तुटले. ते जहाज सरकत सरकत टायटॅनिकच्या अंगावर आलं. टक्कर थोडक्यात टळली. आणि हे सगळं चाललेलं असताना एक तरुण अमेरिकन फिल्मवाला मोठ्या आनंदाने आपल्या कॅमेऱ्याचं हँडल फिरवत होता, असं बीझली सांगतात. सोबत त्याची बायको होती, असंही ते म्हणतात.

बीझलींनी त्या माणसाचं नाव दिलेलं नाही. तो हार्बेकच असणार, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण हार्बेक तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता, "तरुण" नव्हे. आणि त्याची बायको तर जहाजावर नव्हतीच! बीझलींचा अंदाज चुकला, की तो माणूसच वेगळा होता? पाहिलंत, डोळ्यांनी पाहणाऱ्या प्रामाणिक माणसाची साक्षसुद्धा अशी उलटसुलट तपासावी लागते.

त्या रात्री हार्बेक वाचला नाही. नंतर मृतदेह शोधायला गेलेल्या 'मॅके-बेनेट' जहाजाला त्याचा देह समुद्रात सापडला. फिल्म मात्र सापडली नाही.

समुद्राच्या तळाशी फिल्म टिकेल?

१ सप्टेंबर १९८५ रोजी टायटॅनिकचे अवशेष सापडले. सुमारे ३८०० मीटर खोल, गडद अंधारात. तेव्हापासून आशावादी मंडळी विचारतात, "हार्बेकची फिल्म तिथेच कुठेतरी डब्यात असेल का?"

आशा अगदीच वेडी नाही, बरं का. टायटॅनिकच्या परिसरातून वर आणलेल्या चामड्याच्या बॅगांमध्ये कागद आणि नोटासुद्धा टिकलेल्या निघाल्या. चामडं कमावताना वापरलेल्या रसायनांमुळे जंतू त्यांच्यापासून लांब राहिले.

आणखी एक उदाहरण तर थक्क करणारं आहे. १८९७ साली सॉलोमन आंद्रे आणि त्याचे दोन साथीदार, असे तीन स्वीडिश वीर बलूनमध्ये बसून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि गडप झाले. ३३ वर्षांनी, १९३० साली, एका बर्फाळ बेटावर त्यांचा शेवटचा तळ सापडला. त्यात फोटोच्या फिल्मही होत्या! त्या हळुवार हाताने धुतल्यावर ९३ फोटो वाचले. एका फोटोत बर्फावर आडवं पडलेलं बलून आहे आणि त्याच्याकडे पाहत उभी असलेली दोन माणसं. ती माणसं कधीच घरी पोचली नाहीत, फोटो मात्र पोचला.

पण आंद्रेची फिल्म बर्फात गोठून राहिली होती. टायटॅनिकची फिल्म असलीच तर खाऱ्या पाण्यात, शंभराहून जास्त वर्षं. फिल्मवरचा चित्राचा थर जिलेटीनचा असतो. जिलेटीन पाण्यात फुगतं, जंतूंना तर ते मेजवानीच! खालची पट्टी सेल्युलोज नायट्रेटची, ती आपोआपच कुजते. तेव्हा समुद्रातून ती फिल्म वर येईल ही आशा जवळजवळ शून्यच.

मग एकच फट उरते. साउदॅम्प्टन सोडल्यावर जहाज फ्रान्समधल्या शेरबोर्ग आणि आयर्लंडमधल्या क्वीन्सटाउन या बंदरांना थांबलं होतं. हार्बेकने एखादं रीळ तिथे उतरवून कुणाकडे पाठवलं असेल तर? तसा काहीही पुरावा नाही. पण शोधणारे अजून शोधताहेत ते याच फटीतून डोकावून.

हरवण्याच्या हजार वाटा

फिल्म हरवायला जहाज बुडावंच लागतं असं नाही. डोरोथी गिब्सन ही सिनेमातली नटी टायटॅनिकवर होती आणि पहिल्याच होडीतून सुटली. महिना उलटतो न उलटतो तोच तिचा 'सेव्ह्ड फ्रॉम द टायटॅनिक' हा सिनेमा पडद्यावर आला. त्या रात्री अंगावर होते तेच कपडे घालून ती त्यात उभी राहिली होती! आज तो सिनेमा पाहायला मिळत नाही. १९१४ साली त्या कंपनीच्या स्टुडिओला आग लागली आणि सगळं खाक झालं. उरले ते थोडे फोटो.

नायट्रेटची फिल्म म्हणजे बंदुकीच्या दारूचीच भावंड. एकदा पेटली, की पाण्याखालीसुद्धा जळत राहते. आपल्या महाराष्ट्रानेही हा चटका सोसला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्मना जानेवारी २००३ मध्ये आग लागली आणि मोठा ठेवा जळून गेला. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं अशी दोनच उरली आहेत आणि तीही १९१७ साली पुन्हा काढलेल्या सिनेमाची असावीत, असं काही अभ्यासकांना वाटतं. १९३१ सालचा पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' तर अजून सापडलेलाच नाही.

आणि सापडण्याच्याही!

पण निराश व्हायचं कारण नाही. फ्रँक ब्राउन नावाचा, पाद्री होण्यासाठी शिकणारा एक आयरिश तरुण साउदॅम्प्टनहून क्वीन्सटाउनपर्यंत टायटॅनिकने गेला. गळ्यात कॅमेरा! वाटेत ओळख झालेल्या एका श्रीमंत जोडप्याने न्यूयॉर्कपर्यंतचं भाडं भरायची तयारी दाखवली. त्याने तारेने आपल्या वरिष्ठांची परवानगी मागितली. उत्तर आलं, की मुकाट्याने जहाजावरून उतर! तो हिरमुसून उतरला आणि त्या नकारानेच वाचला. त्याचे फोटो तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आले. पण त्याने जन्मभर काढलेल्या हजारो फोटोंच्या निगेटिव्ह त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षं एका पेटीत पडून होत्या. त्या सापडल्या १९८५ साली. म्हणजे जहाज आणि पेटी, दोन्ही एकाच वर्षी!

१९१२ सालीच जर्मनीत टायटॅनिकवर 'इन नाख्ट उंट आइस' नावाचा सिनेमा निघाला होता. तो कायमचा हरवला असंच सगळे समजून चालले होते. १९९८ साली जेम्स कॅमेरॉनच्या 'टायटॅनिक'चा सगळीकडे बोलबाला झाला, तेव्हा जर्मनीतला एक संग्राहक पुढे आला. ती फिल्म त्याच्याकडेच होती!

एका फिल्मने काय शिकवलं

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्ट इथे हिंडेनबर्ग हे प्रचंड जर्मन हवाई जहाज उतरता उतरता पेटलं. ३६ माणसं दगावली. बातम्यांच्या फिल्मवाल्यांचे कॅमेरे तिथे होते, पण ते जवळजवळ एकाच बाजूला उभे होते आणि आग लागली तो क्षण कुणालाच टिपता आला नाही.

पुढे २०१२ साली एका स्मृतिसमारंभात एका माणसाने इतिहासकार डॅन ग्रॉसमन यांना गाठलं. त्याच्या घरातल्या एका हौशी माणसाने त्या दिवशी साध्या कोडॅक कॅमेऱ्याने फिल्म काढली होती. ती निराळ्याच बाजूने काढलेली होती आणि तिच्यात सबंध जहाज आणि खाली सोडलेले दोर एकत्र दिसत होते. आग लागण्याचा क्षण तिच्यातही नव्हता. तरी त्या फिल्मने शास्त्रज्ञांना पुन्हा विचार करायला लावलं. दोर ७ वाजून २१ मिनिटांनी खाली सोडले आणि आग लागली ७ वाजून २५ मिनिटांनी. मधली चार मिनिटं काय झालं? प्राध्यापक कॉन्स्टँटिनोस गियापिस यांनी प्रयोग केले. दोरांमधून जहाजाच्या सांगाड्याची वीज जमिनीत उतरली, पण बाहेरच्या कापडावर विजेचा भार साठत गेला आणि शेवटी ठिणगी पडली. गळणाऱ्या हायड्रोजनला तेवढी पुरली. असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आता या दोन फिल्म शेजारी ठेवून पाहा. एक १९१२ सालची, नावं खरवडलेली. तिच्यात एक प्रसिद्ध जहाज दिसतं, पण ती काहीच सांगत नाही. दुसरी साध्या कॅमेऱ्याची. तिच्यात हवा तो थरारक क्षण नाही, पण ती "असं का झालं?" या प्रश्नाचं उत्तर शोधायला मदत करते.

म्हणून दोस्तांनो, एखाद्या दुर्घटनेची "हरवलेली फिल्म" शोधायला निघालात, तर आधी स्वतःलाच विचारा : मला नेमकं काय हवंय? माणसं मरताना पाहायची आहेत, की ती का मेली हे समजून घ्यायचंय? पहिल्याला तमाशा म्हणतात, दुसऱ्याला शोध. हार्बेकची फिल्म उद्या खरंच सापडली, तर तिच्यात बुडणारं जहाज दिसणार नाही. दिसतील ती डेकवर उन्हात उभी असलेली, रुमाल हलवणारी माणसं. चार दिवसांनी काय होणार आहे याची काहीच कल्पना नसलेली. त्यांना एकदा नीट पाहणं, हेच त्या शोधाचं बक्षीस.

व्हा फिल्म-डिटेक्टिव्ह!

कुणी "दुर्मीळ, खरीखुरी" क्लिप पाठवली, की पुढे ढकलण्याआधी हे पाच प्रश्न विचारा :

१. त्या वेळी, त्या उजेडात, त्या काळच्या कॅमेऱ्याने हे टिपता आलं असतं का?

२. कॅमेरा कुठे ठेवला होता? तिथे माणूस उभा राहू शकत होता का? (बुडणाऱ्या जहाजाची फिल्म समोरून काढणारा माणूस पाण्यावर उभा होता की काय!)

३. काही खरवडलेलं, झाकलेलं, कापलेलं दिसतंय का? आता तर संगणक नुसत्या सांगण्यावरून खोटी "जुनी" फिल्म बनवून देतो. तेव्हा पांढऱ्या रेघा दिसल्या म्हणजे फिल्म जुनी, असं समजू नका.

४. ही आली कुठून? मूळ रीळ कुठल्या संग्रहात आहे? "कुणीतरी पाठवली" हे उत्तर चालणार नाही.

५. यातल्या माणसांच्या घरच्यांनी ही पाहिली तर त्यांना काय वाटेल?

आणि हो, एक काम घरीसुद्धा करा. आजोबांच्या कपाटात, माळ्यावरच्या ट्रंकेत जुन्या फिल्म, निगेटिव्ह, व्हिडिओ कॅसेट पडल्या असतील. त्या फेकू देऊ नका. कोरड्या, थंड जागी ठेवा आणि आजी-आजोबांना विचारून डब्यावर नाव, गाव आणि साल लिहून ठेवा. आज ते सांगणारी माणसं आहेत, तोवरच हे काम होऊन जाऊ दे. काय, करणार ना?